फोन जुना झाला, हे कोणी ठरवायचं?

२ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून कळवलं, की नुकत्याच संपलेल्या तिमाहीत अंदाजाइतकं उत्पन्न आलेलं नाही. सगळ्यात मोठं कारण चीनमधली घसरलेली विक्री होती. पण इतर काही बाजारांत लोक नवा आयफोन घ्यायला का कचरत आहेत, याचीही कारणं त्यांनी दिली होती. त्यांतलं एक असं होतं: बॅटरी बदलून देण्याचा दर कंपनीने बराच उतरवला होता आणि काही ग्राहकांनी त्याचा फायदा घेतला.

हा दर कंपनीने आपखुशीने उतरवला नव्हता. बॅटरी जुनी झालेला आयफोन अचानक बंद पडू नये म्हणून कंपनी सॉफ्टवेअरमधून त्याचा वेग कमी करत होती आणि वापरणाऱ्यांना हे नीट सांगितलेलं नव्हतं. डिसेंबर २०१७मध्ये ते उघड झालं. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि २०१८चं वर्षभर कमी दरात बॅटरी बदलून द्यावी लागली. फेब्रुवारी २०२०मध्ये फ्रान्सच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने याच प्रकरणात अडीच कोटी युरोंचा दंड केला. नव्या बॅटरीने फोन पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला, तेव्हा अनेकांना कळलं की आपण ज्याला जुना समजत होतो त्या फोनची फक्त बॅटरी थकली होती.

नवा फोन घ्यावा का, या चर्चेत बहुतेक वेळा दोनच गोष्टी तोलल्या जातात: नव्या सोयी आणि नव्या नेटवर्कचा वेग. माझं म्हणणं असं आहे, की ज्याच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांतला बरा फोन आहे, त्याच्यासाठी या दोन्हींत फोन बदलण्याइतकं कारण सहसा उरलेलं नाही. फोन खरोखर निकामी होतो तो वेगळ्याच तीन गोष्टींनी. बॅटरी थकते, सुरक्षा अपडेट थांबतात, किंवा ज्या नेटवर्कवर तो चालतो ते बंद केलं जातं. या तिन्हींवर वापरणाऱ्याचा ताबा जवळजवळ नाही. म्हणून हा प्रश्न एकेकाच्या हौसेपुरता किंवा काटकसरीपुरता ठेवून चालणार नाही. त्याला सार्वजनिक प्रश्न म्हणूनच भिडावं लागेल.

आधी वेगाचं पाहू, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा त्याचाच असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने पाचव्या पिढीच्या नेटवर्कसाठी जे निकष ठरवले, त्यांत डाउनलोडचा कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट आहे. हा आकडा आदर्श परिस्थितीतला आहे. त्याच निकषांत दाट वस्तीच्या शहरात माणसाला प्रत्यक्ष मिळायला हवा असा वेगही दिलेला आहे, तो सेकंदाला १०० मेगाबिट. म्हणजे पहिल्या आकड्याचा दोनशेवा हिस्सा. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आपल्या हातातल्या फोनशी संबंध आहे तो दुसऱ्याचा, आणि जाहिरातीत दिसतो पहिला.

आता या शंभर मेगाबिटांतले आपण वापरतो किती? नेटवरून बोलण्यासाठी सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा पुरतात. व्हिडिओ कॉलला दोन-चार मेगाबिट लागतात. फुल एचडी चित्रपट पाहायला साधारण पाच मेगाबिट लागतात. ४के चित्रपटाला पंधरा ते पंचवीस लागतात, पण हाताच्या अंतरावर धरलेल्या सहा-सात इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक डोळ्यांना जवळजवळ कळत नाही. चांगलं चाललेलं ४जी हे सगळं आरामात पुरवतं. एकदा गरजेपुरता वेग मिळाला की त्यावरचा वेग फोनमध्ये नुसता पडून राहतो. चित्रपट दहापट वेगाने आला म्हणून तो दहापट वेगाने पाहता येत नाही.

वेबपानांच्या बाबतीत तर हे २०१०मध्येच दिसून आलं होतं. गूगलमध्ये काम करणारे अभियंता माईक बेल्शी यांनी मोजून दाखवलं, की सेकंदाला १ मेगाबिटवरून २ मेगाबिटवर गेल्यावर पान उघडण्याचा वेळ निम्म्याच्या आसपास येतो, पण ५ वरून १० मेगाबिटवर गेल्यावर तो जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होतो. कारण पान उघडताना फोन आणि सर्व्हर यांच्यात कितीतरी वेळा विचारणा आणि उत्तर होतं. आधी पत्ता शोधायचा, मग जोडणी करायची, मग सुरक्षित जोडणीची बोलणी, मग एकेक भाग मागवायचा. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन जो वेळ लागतो, तो रुंद जोडणीने कमी होत नाही. तेव्हापासून पानं खूप जड झाली आहेत, त्यामुळे ५ मेगाबिटची ती मर्यादा आज वर सरकलेली असणार. तत्त्व मात्र तसंच आहे.

हा जाण्या-येण्याचा वेळ कमी करणं हेही ५जीचं एक आश्वासन होतं. एक मिलिसेकंदाचा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो. निकषांत तो आहे खरा, पण यंत्रांचं दूरनियंत्रण वगैरे अतिविश्वासार्ह कामांसाठी, आणि तोही फक्त फोन आणि टॉवर यांच्यातला. नेहमीच्या वापरासाठी निकष चार मिलिसेकंदांचा आहे. त्यापुढे सर्व्हरपर्यंतचा प्रवास असतोच. शिवाय सुरुवातीला जगभर जे ५जी उभं राहिलं, त्यातलं बरंचसं ४जीच्याच गाभ्यावर बसवलेलं होतं. टॉवरवरचा रेडिओ नवा, पण मागची यंत्रणा जुनी. फोनच्या कोपऱ्यात ५जी लिहून यायचं आणि जोडणीचा कारभार ४जीच पाहत असायचं. संपूर्ण स्वतंत्र ५जी अनेक ठिकाणी नंतर आलं आणि काही ठिकाणी अजून यायचं आहे.

आणि ५जी हा एकच पदार्थ नाही, हे तर क्वचितच कोणी सांगतं. ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांब जातात, भिंतींतून आत येतात, पण तिथे उपलब्ध पट्टाच, म्हणजे लहरींसाठीची जागाच, अरुंद असल्यामुळे वेग चांगल्या ४जीच्या फार पुढे जात नाही. साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात वेग आणि पल्ला यांचा बरा मेळ बसतो. २४ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी थक्क करणारा वेग देतात, पण भिंत, झाडाची पानं, फोन धरलेला हातसुद्धा त्यांना अडवतो. तिन्हींवर लेबल एकच. म्हणून ‘५जी घेतल्यावर किती फरक पडेल?’ या प्रश्नाला आपल्या भागात कोणता पट्टा चालू आहे हे पाहिल्याशिवाय उत्तरच नाही. फोन घेण्याआधी हे तपासणारी माणसं किती असतील?

पिढी बदलण्याचा उपयोग कधीच नसतो, असं माझं म्हणणं नाही. दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत जाताना फोनवर नकाशे आले, पानं उघडू लागली. डिसेंबर २००९मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत पहिली व्यावसायिक ४जी सेवा सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत फिरता-फिरता व्हिडिओ पाहणं ही साधी गोष्ट झाली. आधी जे जमतच नव्हतं ते जमू लागलं. एप्रिल २०१९मध्ये दक्षिण कोरियात ५जी सुरू झालं, त्याला आता बरीच वर्षं लोटली. चांगल्या ४जीवर जमत नव्हतं आणि ५जीमुळेच फोनवर जमू लागलं, असं रोजच्या वापरातलं एकही काम मला सांगता येत नाही.

मग ५जीचा फायदा कोणाला? सगळ्यात आधी नेटवर्क चालवणाऱ्यांना. तेवढ्याच डेटासाठी त्यांना कमी खर्च येतो, एकाच टॉवरवर जास्त माणसं सामावतात. यात वाईट काही नाही. डेटाचा वापर वाढतच राहतो आणि ४जीवर तो किती पेलणार, हा खरा अभियांत्रिकी प्रश्न होता. स्टेडियममध्ये, गर्दीच्या स्टेशनवर, मोठ्या मेळाव्यात ४जी गुदमरतं, तिथे ५जी निभावून नेतं. पण फोन विकताना कंपन्यांची ही गरज आपली गरज म्हणून सांगितली जाते, तिथे माझी हरकत आहे. गंमत म्हणजे गर्दीतले बरेच लोक ५जीवर गेले की उरलेल्यांना ४जी मोकळं मिळतं, काही काळ तरी. पुढे कंपन्या ४जीचे पट्टे हळूहळू ५जीकडे वळवू लागतात तेव्हा हा फायदा आटत जातो. म्हणजे जुन्या फोनवर नेट हळू चालायला लागलं तर फोनमध्ये काही बिघडलेलं नसून फक्त पट्ट्यांची वाटणी बदललेली असू शकते.

एका बाबतीत मात्र नवा फोन नेटवर्कसाठी खरंच घेण्यासारखा असतो, आणि ती बाब जाहिरातीत येत नाही. ज्यांच्या घरात रेंज कशीबशी एखादी काडी येते, त्यांना नवा मोडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि आपल्या भागातल्या कमी वारंवारितेच्या पट्ट्याला चालणारा फोन मिळाला तर कॉल तुटणं थांबू शकतं. तारेचं इंटरनेट न पोचलेल्या घरी ५जीच घरचं इंटरनेट होऊ शकतं. बाहेरून मोठे व्हिडिओ पाठवणं हेच ज्याचं काम आहे, त्याला अपलोडचा वेग उपयोगी पडतो. या माणसांनी बदलावा. त्यांचं कारण ठोस आहे.

आता सोयींकडे. कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण दरवर्षी सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्याच्याबद्दल. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या वापरात सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. तंत्र चांगलं आहे, कमी उजेडात त्याचा फायदा होतो. पण आकड्यातली झेप आणि फोटोतली झेप वेगळी. गेल्या दहा वर्षांत फोनचे फोटो सुधारले ते मुख्यतः आकडेमोडीमुळे. एकामागून एक अनेक फोटो काढायचे, ते जुळवायचे, खरखर काढायची, सावल्या उजळायच्या. नोव्हेंबर २०१८मध्ये गूगलने अंधारात फोटो काढायची ‘नाइट साइट’ ही सोय दिली. ती त्या वर्षीच्या नव्या पिक्सेल या गूगलच्याच फोनबरोबर २०१६च्या पहिल्या पिक्सेल फोनवरही आली, नुसत्या अपडेटने. त्या वर्षीची सगळ्यात गाजलेली कॅमेऱ्याची सोय दोन वर्षं जुन्या फोनवर फुकट मिळाली. या उदाहरणाने माझ्या मनावर फार ठसा उमटवला, कारण नवी सोय आणि नवं यंत्र यांची गाठ अपरिहार्य नाही हे त्यातून स्वच्छ दिसतं. पुष्कळदा ती गाठ कंपनीने मारलेली असते.

यंत्राची खरी मर्यादाही कधी असते. ॲपलने २०२४मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी जाहीर केल्या, तेव्हा त्या चालायला आयफोन १५ प्रो किंवा त्यानंतरचा फोन लागेल असं सांगितलं. जेमतेम नऊ महिन्यांपूर्वी बाजारात आलेला साधा आयफोन १५ त्यातून वगळला गेला. मेमरी कमी पडते हे कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं आहे. पण पुढे काय झालं ते पाहा. सप्टेंबर २०२४मध्ये आयफोन १६ याच सोयींच्या नावावर विकायला आला, विक्री सुरू झाली तेव्हा सोयी त्यात नव्हत्या, पहिला हप्ता ऑक्टोबरच्या शेवटी आला. आणि जिची सगळ्यात जास्त जाहिरात झाली होती ती आपली माहिती समजून काम करणारी सिरी (ॲपलची बोलून मदत करणारी सोय) लांबणीवर पडल्याचं कंपनीने मार्च २०२५मध्ये जाहीर केलं. ज्यांनी त्या एका सोयीसाठी फोन घेतला, त्यांनी आश्वासन विकत घेतलं होतं. यावरून मी स्वतःपुरता एक दंडक घालून घेतला आहे: पुढे अपडेटने येईल असं सांगितलेल्या सोयीसाठी फोन घ्यायचा नाही. ती येईल तेव्हा त्याच फोनचा दर उतरलेला असेल आणि सोय कितपत चालते हेही कळलेलं असेल.

पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ६० वरून १२० वर गेला तर सरकतं पान मऊ वाटतं, ते खरं आहे आणि चांगलंही दिसतं. घड्या घालायचे फोन, आणखी पातळ फोन, नवे रंग यांबद्दल मला लिहिण्यासारखं काही नाही. ज्याला आवडतात त्याने घ्यावेत, आवड हे कारण पुरेसं आहे. फक्त तिला गरज म्हणू नये.

काही सोयींपुढे मात्र माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवायला मी तयार आहे. दृष्टिहीन माणसाला समोर दार आहे का, किती अंतरावर आहे, उघडं आहे की बंद, हे फोन सांगतो. आयफोनमध्ये ती सोय लायडार (प्रकाशाने अंतर मोजणारा) सेन्सर असलेल्या फोनवरच चालते, जुन्या फोनवर कोणत्याही अपडेटने येणार नाही. ऐकू न येणाऱ्याला समोरच्याचं बोलणं तिथल्या तिथे अक्षरांत दाखवणारी सोय इंटरनेटशिवाय चालायची तर प्रोसेसर दमदार लागतो. जिथे कोणतंच मोबाइल नेटवर्क नाही तिथून उपग्रहामार्फत मदत मागता येणं ही २०२२च्या आयफोन १४पासून आलेली सोय डोंगरात, समुद्रावर, निर्मनुष्य रस्त्यांवर फिरणाऱ्यांचा जीव वाचवू शकते. या सोयी फोन जाहीर करण्याच्या समारंभांत चार-दोन मिनिटांत उरकल्या जातात आणि कॅमेऱ्याला अर्धा तास मिळतो. ज्या सोयीने माणसाचं जगणं बदलतं तिला मागे आणि जिच्याने फोटो थोडा उजळतो तिला पुढे, असा हा क्रम आहे. तो बदलायला हवा.

मग बाकीच्यांचा फोन जुना होतो तो कशाने?

पहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया हळूहळू झिजतेच. आयफोन १४पर्यंतच्या बॅटरीबद्दल ॲपलचं म्हणणं होतं, की ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता उरेल. १५पासून तो आकडा १००० झाला. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० म्हणजे दीड वर्षाच्या आतबाहेर. फोनमधले बाकीचे भाग मात्र आठ-दहा वर्षं सहज टिकतात. सगळ्यात लवकर झिजणारा भाग डिंकाने चिकटवून, मागची काच उकलायला कठीण करून आत बंद केलेला असतो. पाणी-धूळ आत जाऊ नये, फोन पातळ व्हावा, ही कारणं खोटी नाहीत. पण लवकर झिजणारा भाग सहज काढता-घालता यायला हवा, ही यंत्ररचनेतली जुनी शहाणी रीत आहे आणि ती इथे मोडलेली आहे. आपण एवढं करू शकतो: फोन गरम होऊ देऊ नये, रात्रभर शंभर टक्क्यांवर धरून ठेवू नये, आणि फोन हळू झाला तर नव्याचा विचार करण्याआधी बॅटरीची क्षमता तपासावी. ती ८० टक्क्यांखाली असेल तर आधी बॅटरी बदलून पाहावी. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटला आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फोनची सुरक्षा अपडेट थांबली की तो वरून धडधाकट दिसतो, पण आत दर महिन्याला सापडणारी भगदाडं बुजवली जात नाहीत. पैशांचे व्यवहार, ओळखपत्रं, खाजगी पत्रव्यवहार सगळं त्यावर असताना हे चालणार नाही. इथे मी फोन टिकवा म्हणणाऱ्यांशीही भांडायला तयार आहे: अपडेट बंद झालेला फोन मुख्य फोन म्हणून वापरू नये, तो कितीही छान चालत असला तरी. नंतर ॲपही एकेक करून जुन्या प्रणालीवर चालायचं थांबतात. कितीतरी अँड्रॉइड फोनना अनेक वर्षं दोन-तीन वर्षांच्या पुढे अपडेट मिळत नसत. चिप बनवणारे साथ देत नाहीत, म्हणून आम्हाला जमत नाही, असं कारण सांगितलं जाई. नेदरलँड्सच्या फेअरफोन या लहानशा कंपनीने २०१५मधला आपला फोन २०२३पर्यंत अपडेट करत ठेवला, चिप कंपनीने साथ सोडल्यानंतरही. एवढ्या लहान कंपनीला जे जमलं, ते अवाढव्य कंपन्यांना अशक्य होतं हे पटत नाही. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने पिक्सेल ८साठी आणि जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४साठी सात वर्षांची हमी दिली. अडचण मनाची होती, तंत्राची कमी होती. आणि ही हमी अजून महागड्या फोनना जास्त, स्वस्त फोनना कमी अशीच आहे. ज्याला वारंवार फोन घेणं परवडत नाही, त्याचाच फोन आधी असुरक्षित होतो.

तिसरी गोष्ट नेटवर्क बंद होण्याची. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात मोठ्या कंपन्यांनी आपापलं ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४मध्ये ते बंद झालं, तेव्हा एक वेगळीच अडचण पुढे आली. काही ४जी फोन नेहमीचे कॉल ४जीवरून करत, पण आपत्कालीन कॉल लावताना ३जीचा आधार घेत. ३जी गेल्यावर त्यांवरून मदतीचा कॉल लागला नसता, म्हणून असे फोन नेटवर्कवरून बंद करावे लागले. चालू स्थितीतले फोन, धनी राजी नसताना, एका दिवसात निरुपयोगी. जुनं नेटवर्क अनंत काळ चालवावं असं कोणी म्हणणार नाही, लहरींचे पट्टे मर्यादित असतात. पण पट्टे सार्वजनिक मालकीचे आहेत आणि कंपन्यांना ते वापरायची परवानगी दिलेली आहे. तेव्हा कोणतं नेटवर्क कधी बंद होणार हे कित्येक वर्षं आधी सांगणं आणि त्या नेटवर्कवरच पुढे अडणारे फोन विकायला मनाई असणं, एवढी अट परवानगीतच असायला हवी.

या सगळ्याचा भार फक्त खिशावर पडत नाही. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब ॲपलच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांत मिळतो. त्यातला सुमारे चार पंचमांश वाटा फोन बनवतानाच खर्ची पडलेला असतो, आपण तो चार्ज करून वापरतो त्याचा वाटा थोडा. म्हणून कमी वीज खाणारा नवा फोन घेऊन पर्यावरण वाचतं हा हिशेब चुकतो. तीन वर्षांऐवजी सहा वर्षं तोच फोन वापरला तर दरवर्षीचा भार जवळजवळ निम्मा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. वजनाने पाहिलं तर त्यात फोनचा वाटा लहान आहे. पण फोनमधलं कोबाल्ट, सोनं, टँटलम खाणीतून काढताना जे भोगावं लागतं, त्याचं वजन या आकड्यात येत नाही.

जुना फोन दुसऱ्याला दिला की तो वाया जात नाही, असं काहीजण म्हणतात. बरोबर आहे, पण एका अटीवर. त्या फोनला अजून काही वर्षं अपडेट मिळणार असतील आणि बॅटरी बदलता येत असेल तरच. नाहीतर आपण आपला असुरक्षित फोन, आपल्यापेक्षा कमी माहिती असलेल्या माणसाच्या हाती देत असतो. अपडेटच्या वर्षांचा प्रश्न पहिल्या खरेदीदारापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्याचा जास्त आहे, आणि फोन बाजारात येतो तेव्हा ती माणसं तिथे नसतात. त्यांच्या वतीने बोलायचं काम कायद्याचं आहे.

कायदे होऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून फोनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले. मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ८०० चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी. यातली ‘विक्री थांबल्यावर’ ही मोजणी फार महत्त्वाची आहे. ती नसती तर दोन वर्षं दुकानात पडून राहिलेला फोन घेणाऱ्याच्या वाट्याला तीनच वर्षं आली असती. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणं बंधनकारक आहे.

असे नियम नवनिर्मितीला मारक ठरतात, कंपन्या नवं काही करणार नाहीत, असा एक आक्षेप असतो. तो मी गंभीरपणे घेतो, कारण नाइट साइटसारख्या गोष्टी स्पर्धेतूनच येतात. पण लोक फोन सहा वर्षं वापरू लागले, तर पुढचा फोन विकण्यासाठी कंपनीला सहा वर्षांइतकी सुधारणा दाखवावी लागेल. आज एक वर्षाच्या सुधारणेवर फोन खपवायचा प्रयत्न होतो, म्हणून सुधारणा तेवढीच असते. दार ओळखणारा सेन्सर, उपग्रहाची जोडणी, रेंज धरून ठेवणारा मोडेम अशांना मग समारंभात अर्धा तास मिळेल.

आपल्यापुरतं म्हणाल, तर फोन घेताना मेगापिक्सेल आणि गिगाबिट यांच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचं सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी मिळेल. बॅटरी कुठे आणि किती वेळात बदलून मिळेल. आपल्या भागातले कोणते पट्टे हा फोन धरतो. विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधावं, तिथेही नसेल तर दुसरा फोन पाहावा. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, तशी शेवटच्या अपडेटची तारीख फोनच्या खोक्यावर ठळक छापलेली असावी, इतकी सरळ मागणी प्रत्येक देशातल्या ग्राहकांनी आपल्या नियामकाकडे करायला हवी. त्यासाठी कोणतंही नवं तंत्रज्ञान लागत नाही, आणि ती तारीख कंपनीला आधीपासूनच ठाऊक असते.